पैशांचा ऑनलाइन पोकर बंद झाला. आमच्या रविवारच्या फडाचे काय करावे?

वेंगुर्ले_बंदर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ले तालुक्यात राहतो. घरची काजूची बाग आहे, जोडीला हापूसची थोडी कलमे आहेत, आणि बागेच्या कामातून जो वेळ उरतो तो गेली नऊ वर्षे मी ऑनलाइन पोकर खेळण्यात आणि त्याहून अधिक तो शिकण्यात घालवला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजुरी आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती, इतक्या वेगाने ते झाले की २७ तारखेच्या चतुर्थीसाठी घरोघरी माटवी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधण्याची लगबग चालू असताना आमच्या गटातले दोन चाकरमानी कोकण रेल्वेच्या डब्यात उभ्या उभ्या फोनवरून खात्यातले पैसे काढत होते.

आमचा अकरा जणांचा फड आहे. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, देवगड इथले नऊ आणि मुंबईतले दोन. फड हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण त्याची सुरुवात गौरी-गणपतीच्या जागरणातल्या पत्त्यांतूनच झाली. तीनपत्ती आणि रमीवर वाढलेल्या आम्हांला एका चाकरमान्याने होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकवला. हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, आणि त्या सातांतून उत्तम पाचांचा डाव, एवढ्या साध्या नियमातून इतका खोल खेळ निघतो याचे आम्हांला वेडच लागले. पुढे दर रविवारी रात्री नऊ वाजता सगळे फोनवर जमू लागलो. आठवडाभरात ज्याला जो डाव छळत असेल तो त्याने मांडायचा. त्यात तो जिंकला की हरला हे शेवटपर्यंत सांगायचे नाही. बाकीच्यांनी फक्त निर्णयाची चिकित्सा करायची, असा दंडक होता. कोणी मोठ्या स्पर्धेत उतरला तर इतर जण त्याचा थोडा थोडा हिस्सा विकत घेत, म्हणजे हरल्यास एकट्याच्या खिशाला झळ लागत नसे. या नऊ वर्षांत त्या हिशेबावरून एकदाही भांडण झाले नाही, हे मी थोड्या अभिमानाने सांगतो, कारण आमच्याकडे बांधाच्या एका दगडावरून तीन पिढ्या कोर्टात जातात.

आता गटात तीन मते पडली आहेत. चौघे म्हणतात की परदेशी क्लब अ‍ॅपवर, म्हणजे खासगी क्लब करून खेळायच्या अ‍ॅपवर जाऊ, एजंट पैसे घेतो आणि देतो, काही अडचण नाही. दोघे म्हणतात की महिन्यातून एकदा पणजीला जाऊन कॅसिनोच्या बोटीवर समोरासमोर खेळू. उरलेले गप्प आहेत, आणि मला त्या गप्पपणाचीच जास्त काळजी वाटते.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. खेळ कायद्याने बुडवला, की तो आधीच बुडत होता आणि कायद्याने फक्त वरून झाकण लावले? माझ्या वहीप्रमाणे २०२१ पर्यंत दर वर्षी चांगली शिल्लक राहिली; नंतर ती आटत गेली आणि शेवटच्या दोन वर्षांत मी जेमतेम बरोबरीत होतो. अभ्यास मात्र पूर्वीच्या दुप्पट करत होतो. जाणकारांनी स्पष्ट लिहावे, धीर देण्यासाठी लिहू नये.

---

गुहागरकर_पुण्यात

मी मूळचा गुहागरचा, पुण्यात संगणक क्षेत्रात आहे आणि दहा-बारा वर्षे हा खेळ खेळलो. तुमच्या वहीने जे सांगितले तेच बरोबर आहे. खेळ आधीच आटत होता.

हा खेळ संपला असे याआधीही दोनदा वाटले होते. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकी हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि ८३८ खेळाडूंना मागे टाकून २५ लाख डॉलर जिंकले. तीनच वर्षांत त्या स्पर्धेतले खेळाडू ८,७७३ झाले. प्रत्येक नवख्याला वाटत होते की हे आपल्यालाही जमेल, आणि त्या वाटण्यावरच सगळा बाजार उभा होता. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या देवाणघेवाणीवर कायदा केला, तेव्हा काही मोठ्या कंपन्या तिथून निघून गेल्या. पुढे १५ एप्रिल २०११ रोजी तिथल्या न्याय खात्याने उरलेल्या तीन मोठ्या संकेतस्थळांच्या चालकांवर खटले भरले. एकाच शुक्रवारी हजारो व्यावसायिक खेळाडूंची रोजीरोटी थांबली आणि अनेकांनी कॅनडा, मेक्सिकोत बिऱ्हाडे हलवली. त्या शुक्रवारी जे त्यांचे झाले ते ऑगस्टमध्ये आपले झाले. फरक इतकाच की त्यांना शेजारी देश होते.

यापेक्षा खोल बदल मात्र कुठल्याही कायद्याशिवाय झाला. २०१५ च्या सुरुवातीला कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळल्या जाणाऱ्या, बोलीची मर्यादा ठरलेल्या होल्डेमचे गणित जवळजवळ पूर्ण सोडवले. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रणालीने चार निष्णात खेळाडूंना अमर्याद बोलीच्या खेळात १,२०,००० डावांत हरवले. २०१९ मध्ये प्लुरिबस या पुढच्या प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर तेच केले. त्याच सुमारास घरच्या संगणकावर चालणारी सॉल्व्हर नावाची साधने सर्वांच्या हाती आली. पूर्वी बदामाचा राजा, किलवरची सत्ती आणि चौकटची दुर्री असा फ्लॉप, म्हणजे पहिले तीन उघडे पत्ते, पडला की काय करावे यावर आपण तासभर वाद घालायचो. आता सॉल्व्हर सांगतो की शेवटच्या जागेवरून बोली चढवलेल्याने इथे पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांच्या, तिसऱ्या हिश्श्याएवढी छोटी बोली जवळजवळ सगळ्याच पत्त्यांनी लावावी. वाद मिटला, आणि रविवारच्या गप्पांतला अर्धा जीवही त्याबरोबर गेला, हे तुम्हांलाही जाणवले असेल.

सगळ्यांनीच तक्ते पाठ केले की चांगल्या खेळाडूची आघाडी कमी होते, पण कंपनीची रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून कापला जाणारा वाटा, कमी होत नाही. दोन सारखेच तयार खेळाडू रात्रभर खेळले तर जिंकते ती फक्त रेक. त्यावर बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम आले, खेळता खेळता दुसऱ्या पडद्यावर उत्तर विचारणारे आले. तुम्ही मालवणच्या बाजूचे आहात, म्हणून रापणीचे उदाहरण देतो. किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकर आणि खोल समुद्रात दिवे लावून पर्ससीनचे मोठे जाळे टाकणारे बोटवाले यांच्यातले भांडण तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. आपण आठ-आठ टेबले एकदम उघडून, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची आकडेवारी पडद्यावर मांडून खेळू लागलो तेव्हा आपणच पर्ससीनवाले झालो होतो. पोकरमध्ये कच्च्या खेळाडूला फिश म्हणण्याची रीत आहे. समुद्रात आता मासळी उरली नाही म्हणून ओरडताना आपल्या जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले भोक, किती बारीक होता हेही पाहिले पाहिजे.

---

कर_सल्लागार_रत्नागिरी

वरच्या उत्तराला पुरवणी जोडतो. मी पोकर खेळत नाही, पण रत्नागिरीत माझ्याकडे विवरणपत्रे भरायला येणाऱ्यांत असे सात-आठ तरुण होते, त्यामुळे हा विषय शिकावा लागला. खेळ आटण्यात संगणकाइतकाच कराचा वाटा आहे आणि तो लोकांना नीट समजलेला नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पूर्वी बहुतेक कंपन्या फक्त आपल्या रेकवर १८ टक्के जीएसटी भरत. त्या दिवसापासून खेळाडूने खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. तुम्ही १०,००० रुपये भरले तर त्यात २,१८७ रुपये ५० पैसे कराचे आणि टेबलावर पोहोचणार ७,८१२ रुपये ५० पैसे. अनेक कंपन्यांनी काही काळ ती तूट बोनस देऊन स्वतः भरून काढली, म्हणून ती डोळ्यांत भरली नाही. पण या कराचा रोख पाहा. तो भरलेल्या पैशांवर आहे, जिंकलेले पैसे पुन्हा टेबलावर लावले तर त्यांवर नाही. म्हणजे जो जिंकतो आणि खात्यातल्या पैशांवरच खेळत राहतो त्याला हा कर क्वचितच लागतो. जो दर शनिवारी हरतो आणि दर शनिवारी नवे पैसे भरतो त्याला तो प्रत्येक वेळी लागतो. ज्याच्या पैशांवर सगळ्यांचे चालत होते त्याचीच उमेद या कराने आधी मोडली. वेंगुर्लेकरांची शिल्लक शेवटच्या दोन वर्षांतच का नाहीशी झाली याचे निम्मे उत्तर मला इथे दिसते.

जिंकणाऱ्यासाठी दुसरी तरतूद होती. १ एप्रिल २०२३ पासून वर्षभराच्या निव्वळ जिंकीवर सरसकट ३० टक्के कर आणि तो पैसे काढतानाच कापून घेतला जातो. वर्षाच्या सुरुवातीला खाते रिकामे असेल, तुम्ही एक लाख भरले असतील आणि खाते रिकामे करून एक लाख चाळीस हजार काढले असतील, तर चाळीस हजारांवर बारा हजार गेले. इथवर ठीक आहे. अडचण अशी की एका वर्षाचा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा होत नाही. मोठ्या स्पर्धा खेळणारा महिनोन्महिने हरतो आणि एखाद्या दिवशी सगळे भरून काढतो. तो दिवस मार्चमध्ये आला की एप्रिलमध्ये, यावर त्याचे वर्ष तरते किंवा बुडते. आंबा एक वर्षाआड धरतो हे आपल्याला ठाऊक आहे. फळ नसलेल्या वर्षाचा खर्च फळाच्या वर्षी धरायचा नाही, असा नियम बागायतदाराला लावला तर तो काय म्हणेल, ते तुम्हीच सांगा.

आता कायद्याविषयी. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांत एकमत नव्हते: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगार ठरवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला कौशल्याच्या बाजूने धरले. आपल्या राज्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता हा सगळा वादच बाजूला सारला, कारण पैसे भरून पैसे मिळवण्याच्या अपेक्षेने खेळलेला ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला नाही. या कायद्याविरुद्ध उच्च न्यायालयांत गेलेल्या याचिका २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

तुमच्या चौघा मित्रांना माझा निरोप सांगा. क्लब अ‍ॅपवर जो माणूस गटाचे पैसे गोळा करून पुढे पाठवतो तो स्वतःला फक्त खेळाडू समजत असतो. कायद्यात मात्र असा खेळ पुरवायला मदत करणाराही येतो. गटात हे काम सर्वांत विश्वासू माणसाकडे जाते, म्हणजे अडकणार तोही तुमच्यातला सर्वांत विश्वासू माणूसच.

---

मांडवीकाठचा_डीलर

पणजीच्या बोटीवर काही वर्षे पोकरचे पत्ते वाटले आहेत, म्हणून ज्या दोघांना तिकडे जायचे आहे त्यांच्यासाठी लिहितो.

वय २१ पूर्ण हवे. गोव्यातल्या स्थानिकांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, पण ती तुम्हां सिंधुदुर्गवाल्यांना लागू नाही, त्यामुळे दारात अडचण येणार नाही. अडचण टेबलावर आहे. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन चार टेबले उघडून तुम्ही तेवढे डाव पाच-सात मिनिटांत खेळत होता. महिन्यातून एक रात्र आलात तर वर्षभरात जेवढे डाव होतील तेवढ्यांवरून तुम्ही चांगले खेळता की वाईट हे तुम्हांलाही कळणार नाही. शिवाय ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी लावायच्या सक्तीच्या बोली, मोठे असतात, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च वेगळा, आणि सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे, तोही चिप्स घेताना दिलेल्या रकमेवर.

एक निरीक्षण सांगतो. ऑनलाइन खेळून तयार झालेली मुले आमच्याकडे आली की पहिला तासभर ती बेचैन असत. पत्ते पडले की लगेच फोनकडे हात जाई. त्यांची बोलीची गणिते पक्की असत, पण शेजारचा माणूस तिसऱ्यांदा पाणी मागतो आहे, याचा हात थरथरतो आहे, हे त्यांना दिसत नसे. उलट, आयुष्यभर तीनपत्ती खेळलेला एखादा व्यापारी दोन डावांत त्यांचा अंदाज घेई. तो शेवटी हरायचाच, गणित गणितच आहे. पण हरूनही हसत उठायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा यायचा. ऑनलाइन हरणारा कोणाशी न बोलता निघून जातो. मला वाटते, तुमचा खेळ आटण्याचे एक कारण तेही आहे: टेबलावर हरणाऱ्याला कोणी चहा विचारत नव्हते.

---

सावंतवाडीची_मास्तरीण

मी या चर्चेत लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. तुम्ही ज्याला फिश म्हणता तो माझा धाकटा भाऊ आहे.

तो तुमच्यासारखा अभ्यास करणारा नव्हता. कामावरून आला की जेवणापूर्वी दोन तास छोट्या टेबलांवर खेळे. सुरुवातीला पाचशे, मग दोन हजार. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याने एका पतपेढीत आईच्या पाटल्या ठेवून कर्ज काढले, हे आम्हांला पुढच्या मे महिन्यात लग्नाच्या घाईत पाटल्या शोधताना कळले. त्या अ‍ॅपवर स्वतःची मर्यादा ठरवण्याची सोय होती, असे तो सांगतो. ती वाढवायला मात्र दोनच बोटे लागत, आणि हरल्यानंतर दहा मिनिटांत बोनसचा संदेश येई. ऑगस्टमध्ये ते अ‍ॅप बंद झाले त्या रात्री आई देवासमोर बसून रडली, आणि ते रडणे दुःखाचे नव्हते. तुमच्या फडाची हळहळ मला समजते. पण तुमच्या वहीतली २०२१ पर्यंतची शिल्लक कुणाच्या तरी वहीत वजा बाजूला लिहिलेली असणारच, एवढे ध्यानात ठेवून पुढचे बोलावे, अशी विनंती.

दुसरी गोष्ट थोडी अवांतर आहे, पण तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. आमच्या गावाची गंजिफा प्रसिद्ध आहे. दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० गोल पत्ते असतात. कोणते पडले आणि कोणते उरले हे सतत लक्षात ठेवावे लागते, म्हणून तो स्मरणाचा खेळ. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली नसती तर ते पत्तेही राहिले नसते. आज चितारी सुंदर पत्ते रंगवतात, पर्यटक ते घेऊन जातात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. खेळणारे मात्र शोधून सापडत नाहीत. शाळेत मी मुलांना गंजिफा खेळायला शिकवण्याचा प्रयत्न केला तेव्हा नियम नीट सांगू शकेल असा माणूस मिळायलाच तीन महिने गेले. त्या खेळावर कोणी कायद्याने बंदी घातली नव्हती. रात्री एकत्र बसणारी चार माणसे उठून गेली, एवढेच झाले.

---

वेंगुर्ले_बंदर

ताई, तुमचे उत्तर मी गटात जसेच्या तसे वाचून दाखवले. कोणी काही बोलले नाही. मग देवगडचा आमचा मित्र म्हणाला की छोट्या टेबलांवर रात्री आठ ते दहा या वेळात खेळणारे कोण असतात हे आपल्याला पक्के माहीत होते, म्हणून तर आपण ती वेळ निवडायचो. ते खरे आहे. आमच्यात त्या वेळेला गमतीने भरतीची वेळ म्हणत. मी त्याचे समर्थन करणार नाही. तुमच्या भावाशी आमच्यापैकी कोणी खेळले होते का, हे कळायला मार्ग नाही, कारण तिथे सगळे टोपणनावाने असतात. पाटल्या सुटल्या का, एवढे जमल्यास कळवा.

गुहागरकर, क्लब अ‍ॅपबाबत चौघांपैकी एक अजून हटून बसला आहे. तो म्हणतो की तिथे कच्चे खेळाडू खूप आहेत, जुन्या दिवसांसारखे.

---

गुहागरकर_पुण्यात

त्याला तसे वाटावे अशीच तिथली रचना असते. परवाना असलेल्या मोठ्या संकेतस्थळांवरही गैरप्रकार झाले आहेत. २००७-०८ मध्ये दोन प्रसिद्ध संकेतस्थळांवर आतल्या माणसांना इतरांचे झाकलेले पत्ते दिसत होते असे उघड झाले, आणि ते खेळाडूंनीच डावांच्या नोंदी तपासून शोधून काढले. ज्या समुदायाला आपण हळहळतो आहोत त्याचे सर्वांत मोठे काम माझ्या मते तेच. क्लब अ‍ॅपमध्ये अशा नोंदी तपासायला मिळतीलच असे नाही, आणि मिळाल्या तरी तक्रार कोणाकडे करणार? सहाच्या टेबलावर तिघांनी फोनवर एकमेकांचे पत्ते सांगितले तर त्यांना सहा पत्ते माहीत असतात आणि तुमच्या मित्राला दोन. त्याने कितीही सॉल्व्हर पाठ केला तरी हे अंतर भरून निघणार नाही. त्याला जे कच्चे खेळाडू दिसत आहेत त्यांतले काही मुद्दाम कच्चे दिसत असतील, एवढेच सुचवतो.

---

सावंतवाडीची_मास्तरीण

पाटल्या अजून सुटायच्या आहेत. भाऊ दर महिन्याला हप्ता भरतो. विचारल्याबद्दल आभार.

---

वेंगुर्ले_बंदर

काल रविवारी कुडाळला प्रत्यक्ष जमलो. अकरापैकी सात आलो, मुंबईचे दोघे फोनवर होते, एक कामामुळे आला नाही, आणि क्लब अ‍ॅपवाला गटातून बाहेर पडला. त्याला कोणी काढले नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांसमोर बसून पोकर खेळलो आणि डीलरसाहेबांनी लिहिले तसेच झाले: पहिला अर्धा तास कोणाला पत्ते नीट पिसताही येईनात. चिप्स नव्हत्या म्हणून मी घरून काजूबियांचे पोते नेले होते. लहानपणी मे महिन्यात आम्ही बियांनी खेळायचोच, त्यामुळे हिशेब लगेच जमला. मालवणच्या मित्राचे डोळे ब्लफ करताना आपोआप बारीक होतात हे नऊ वर्षांत आम्हांला कळले नव्हते.

पुढच्या रविवारी डावांच्या चर्चेबरोबर ताईंना विचारून गंजिफेचे नियम शिकायचे ठरले आहे. पणजीला जाऊ म्हणणाऱ्या दोघांनी जायचे तर स्वतःच्या पैशांनी जावे, गटातून हिस्से विकले जाणार नाहीत, हेही ठरले. ते दोघे नाराज आहेत.

रत्नागिरीकर साहेब, शेवटची शंका. खाती बंद झाल्यावर कागद कोणते सांभाळायचे?

---

कर_सल्लागार_रत्नागिरी

कंपनीकडून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६ए, मागून घ्या आणि आयकर खात्याच्या फॉर्म २६एएस मधल्या नोंदीशी ताडून पाहा. पैसे भरल्याकाढल्याचे संपूर्ण विवरण अ‍ॅप चालू आहे तोवर उतरवून ठेवा, नंतर ते मिळेल याची खात्री नाही. बँकेचे उतारे आणि तुमची ती वहीसुद्धा जपा.

काजूबियांविषयी एकच सूचना. रात्रीच्या शेवटी कोणी बियांचे पैसे करून देऊ लागला तर १८८७ चा कायदा अजून जागा आहे.

---

वेंगुर्ले_बंदर

बिया मोजून पोत्यात परत भरल्या, साहेब. चार कमी भरल्या. संशय देवगडवाल्यावर आहे.